नवऱ्याचं ऑफिस हिंजवडीला, बाकी सगळं कोथरूडला, मग घर कुठे घ्यावं?

प्रश्न : ताई, आम्ही पुण्यात कोथरूडला मयूर कॉलनीत नऊ वर्षं भाड्याने राहतोय. आता बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय, मालकांनी दिवाळीपर्यंत घर सोडायला सांगितलंय. मिस्टर हिंजवडीला आयटीत आहेत, आठवड्यातून तीन दिवस ऑफिस. मी नळ स्टॉपजवळच्या शाळेत शिकवते, मुलगा तिथेच पहिलीत आहे. सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांना गुडघ्यांचा त्रास. वाकडला बांधकाम चालू असलेल्या स्कीममध्ये टू बीएचके ८५ लाखांना मिळतोय, जिम, स्विमिंग पूल सगळं आहे. कोथरूडला तीस वर्षं जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर रिसेल ९० लाख, पण लिफ्ट नाही. मिस्टर म्हणतात पाच लाख वाचतात आणि ऑफिसही जवळ. माझं मन होत नाही. काय करू?

उत्तर : आधी त्या पाच लाखांचं बघू, कारण घरातला सगळा वाद तिथेच अडकलाय असं वाटतंय. वाकडच्या फ्लॅटचं बांधकाम चालू आहे म्हणजे त्यावर ५ टक्के जीएसटी, ४ लाख २५ हजार. मग ७ टक्के स्टॅम्प ड्युटी, ५ लाख ९५ हजार, आणि रजिस्ट्रेशनचे ३० हजार. झाले साडेदहा लाख, म्हणजे घर पडलं ९५ लाख ५० हजारांना. कोथरूडच्या रिसेलला जीएसटी नाही, ड्युटी ६ लाख ३० हजार आणि ते ३० हजार, एकूण ९६ लाख ६० हजार. फरक राहिला एक लाख दहा हजारांचा! बिल्डरचे ८५ लाख ऑल इन्क्लुसिव्ह असतील तर गोष्ट वेगळी, तसं असेल तर त्यांच्याकडून लिहून घ्या. आणि ताबा मिळेपर्यंत तुम्हाला भाडंही भरायचंय आणि बँकेचं व्याजही, ते यात धरलेलंच नाही. (घर फक्त तुमच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर ड्युटी १ टक्क्याने कमी होते, यावर मिस्टरांशी नक्की बोला.)

आता जाणं-येणं. तुम्ही दोघं फक्त हिंजवडीचं अंतर मोजताय. मिस्टर तीन दिवस जाणार, तुम्ही आणि मुलगा सहा दिवस, आणि वाकडहून नळ स्टॉप म्हणजे एकतर औंध-युनिव्हर्सिटीवरून नाहीतर हायवेने चांदणी चौकातून, तेही सकाळी, झोपेतून उठवलेल्या पहिलीतल्या मुलाला घेऊन. उलट कोथरूडहून वनाज-नळ स्टॉप मेट्रो मार्च २०२२ पासून आहे, आणि चांदणी चौकातला जुना पूल पाडून ऑगस्ट २०२३ मध्ये नवीन सुरू झाल्यापासून मिस्टरांचा हिंजवडीचा रस्ताही पूर्वीपेक्षा बरा झालाय. बरा म्हणजे त्या चौकापुरता हं, पुढे हिंजवडीत शिरतानाची गर्दी वाकडला राहूनही चुकत नाही. माण ते सिव्हिल कोर्ट या मेट्रोचं वाकड चौकात स्टेशन आहे हे तुम्हाला सेल्स ऑफिसमध्ये सांगतीलच, पण तुमच्या स्कीमपासून तिथे चालत किती वेळ लागतो ते स्वतः चालून बघा, आणि रविवारी नको, सोमवारी सकाळी साडेआठला जा.

पाण्याचं मात्र कोणी आपणहून सांगत नाही. वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत येतं, पाणी पवना धरणाचं, आणि तिथे नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी सुरू झालं. मी त्या भागात दोन वर्षं भाड्याने राहिले आहे, उन्हाळ्यात पहाटे टँकरच्या आवाजाने जाग यायची आणि मेंटेनन्स वाढला की नोटीस बोर्डवर कारण तेच. त्यामुळे तुमच्या स्कीमच्या शेजारच्या, लोक राहायला आलेल्या सोसायटीत जा, सेक्रेटरींना भेटा, एप्रिल-मेचं टँकरचं बिल किती आलं ते विचारा. वॉचमनलाही विचारा, तो खरं सांगतो.

पण म्हणून कोथरूडचा तो फ्लॅट घ्या असंही मी म्हणणार नाही. गुडघे दुखणाऱ्या बाईला लिफ्टशिवाय तिसऱ्या मजल्यावर ठेवलं तर त्या खाली उतरणंच सोडतील, देवळात जाणं, बाकावर बसून गप्पा, सगळं बंद. तीस वर्षांची बिल्डिंग म्हणजे रिडेव्हलपमेंटचं बोलणं आज ना उद्या तिथेही निघणार, आणि कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, झालेलं नसेल तर ते वर्षानुवर्षं रखडतं. जुन्या करारात बिल्टअप, म्हणजे भिंतींसकटचं क्षेत्रफळ लिहिलेलं असतं, कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, मोजून घेतल्याशिवाय वाकडशी तुलनाच करता येत नाही.

माझं मत विचाराल तर आत्ता दोन्ही सोडा. दिवाळीच्या मुदतीने घाबरून घर विकत घेऊ नका, मुदत घर सोडायची आहे, घ्यायची नाही. कोथरूडमध्येच, जमलं तर आयडियल कॉलनी किंवा आनंदनगरच्या मेट्रो स्टेशनजवळ, लिफ्ट असलेलं नाहीतर तळमजल्याचं घर अकरा महिन्यांच्या करारावर घ्या, करार रजिस्टर करा, आणि निवांत शोधत राहा. सासूबाईंना घर बघायला सोबत न्या, जिना त्यांना चढायचाय.