खोली दिली, सिम दिलं: गुन्हा कुठून सुरू होतो?

प्रश्न: घणसोलीत आमच्या दोन खोल्या भाड्याने आहेत. एजंटने आणलेला भाडेकरू उद्या अतिरेकी निघाला तर मालक म्हणून मीही आत जाणार का?

नुसती खोली दिली म्हणून नाही. यूएपीए म्हणजे दहशतवादविरोधी बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा; त्याच्या कलम १९ मध्ये दहशतवाद्याला आसरा देणाऱ्यास किमान तीन वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. मात्र तो कोण आहे हे ठाऊक असून आसरा दिला, हे सरकारी पक्षाला दाखवावं लागतं. मनातलं कोर्टाला कसं कळणार? आजूबाजूच्या गोष्टींवरून. दुप्पट भाडं रोख घेतलं, कागद केला नाही, पोलीस आले तेव्हा ‘खोली बंदच असते’ म्हणालात आणि ते जिना उतरायच्या आत भाडेकरूला फोन लावलात, तर ‘मला काय माहीत’ यावर कोण विश्वास ठेवेल? करार लेखी करून नोंदवणं ही महाराष्ट्रात मालकाचीच जबाबदारी आहे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या, पोच जपून ठेवा. माहिती द्यायची राहिली तर आदेशभंगाचा गुन्हा लागू शकतो, पण तो वेगळा. तेवढ्यावरून कुणी दहशतवाद्याचा साथीदार ठरत नाही.

प्रश्न: मुलगा भलत्या संगतीत आहे. काही करून घरी आला आणि मी लपवलं, तर आईला माफी असते ना? (कळवा)

नाही, ताई. कलम १९ मधली सूट फक्त नवरा-बायकोला आहे. आई, बाप, भाऊ यांना ती नाही. मला स्वतःला हा भेद क्रूर वाटतो, पण कायदा तसा आहे. तुमच्या हातात आजचा दिवस आहे. अजून काही घडलेलं नसेल तर वकिलाला सोबत घेऊन पोलीस ठाण्यात जा. नुसती संगत आणि प्रत्यक्ष कृत्य यांत शिक्षेचं अंतर फार मोठं आहे.

प्रश्न: मित्राला माझ्या नावावर सिम काढून दिलं. आता तो ‘मोठं काहीतरी उडवणार’ म्हणतो. काहीच झालं नाही तर माझं काय? (वागळे इस्टेट)

स्फोट व्हावाच लागतो असं नाही. कलम १८ मध्ये कट, चिथावणी आणि जाणूनबुजून केलेली मदत येते, तीही नुसत्या पूर्वतयारीला. किमान पाच वर्षं, कमाल जन्मठेप. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ११३ मध्येही जवळपास हेच आहे. सिम दिलंत तेव्हा तुम्हाला त्याचा बेत माहीत नव्हता. आता आहे. म्हणजे यापुढचा प्रत्येक रिचार्ज वेगळ्या नजरेने पाहिला जाईल. सिम बंद करा, पोलिसांना लेखी कळवा आणि चॅट मुळीच पुसू नका; पुरावा नष्ट करणं हा आणखी एक गुन्हा, शिवाय तुम्हाला वाचवणारं काही असेल तर तेही त्यातच असेल. उशीर केलात तर जामिनाची आशा धरू नका. आरोप सकृतदर्शनी खरा वाटला तर यूएपीएचं कलम ४३-ड जामीन अडवतं आणि आरोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढू शकते. निर्दोष सुटलात तरी मधली वर्षं गेलेली असतात.

प्रश्न: समोरच्या फ्लॅटमधली मुलं रात्री-अपरात्री येतात. कळवायला हवं का? (नेरूळ)

कॉल सेंटरची शिफ्ट असेल हो. काय पाहिलं, काय ऐकलं हे ठोस सांगता येत असेल तर ११२ ला फोन करा. नाव, दाढी, येण्याची वेळ यांना माहिती म्हणत नाहीत.