परक्या पोरासाठी मला एवढं रडू का येतंय ओ मॅडम?

मी समुपदेशन करते, आणि हा प्रश्न माझ्याकडं वर्षातनं चार-पाच वेळा तरी येतो. कुठंतरी एखादं मूल हरवतं, टीव्हीवर आणि व्हॉट्सॲपवर त्याचा फोटो फिरायला लागतो, आणि आठवड्याभरात कुणीतरी आई येऊन समोर बसते, की मॅडम जेवण जाईना, झोप येईना, ते पोर ना नात्यातलं ना गावातलं, मग मला असं का होतंय, डोकं फिरलंय का माझं. बाप लोक पण येतात, फक्त ते "पित्त वाढलंय" म्हणून येतात.

त्यातली एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि बातमी कुठल्या मुलाची होती तेही सांगत नाही, त्या घराला आधीच लई जणांनी बघून झालंय.

या ताई स्वतःसाठी आल्याच नव्हत्या, नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन आल्या होत्या. पोरीचं रोज सकाळी शाळेच्या टायमालाच पोट दुखायचं, मुलांच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीपर्यंत सगळं करून बघितलं, काही निघालं नाही, मग त्यांनी माझ्याकडं पाठवलं. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत, ताई घरी ब्लाउज शिवतात, इथं कोल्हापुरात मंगळवार पेठेत सासूबाईंसोबत राहतात. पोरीला विचारलं, कधीपासनं दुखतंय गं, तर म्हणाली, "मोर्चाला गेल्यापासनं."

मोर्चा म्हणजे कँडल मार्च. लांबच्या गावातला एक सहा वर्षांचा मुलगा हरवला होता, त्याच्यासाठी इथं बिंदू चौकातनं शिवाजी चौकापर्यंत लोक चालत गेले. बारक्या पोरांना पुढं ठेवलं, हातात बोर्ड दिले. चौकात फ्लेक्स होता, मधी त्या मुलाचा फोटो, दोन्ही बाजूला समई, खाली हात जोडलेले कार्यकर्ते ओळीनं. आता पोरगं हरवलेलं होतं, गेलेलं नव्हतं, पण बोर्ड दिसायला थेट भावपूर्ण श्रद्धांजलीचा. कुणी मुद्दाम केलं नसेल, डिझाइनवाल्याकडं तोच साचा तयार असणार. मोठ्यांच्या ते ध्यानातही आलं नाही, नऊ वर्षांच्या पोरीच्या मात्र बरोबर आलं.

पण तिच्या पोटात गोळा आला होता तो त्या फ्लेक्समुळं नाही. तिनं आईच्या मोबाइलमधनं स्वतःचा एक फोटो निवडून ठेवला होता, गणपतीतला, नऊवारी नेसलेला. कशाला? तर उद्या ती हरवली तर आई गडबडीत आधार कार्डावरचा फोटो लावणार, त्यात ती काळी दिसते, मग लोक पुढं पाठवणारच नाहीत. हे तिनं मला अगदी शांतपणे सांगितलं, उद्याच्या दप्तराबद्दल सांगावं तसं. आई तिच्याकडं बघतच राहिली आणि खरं सांगू का, दोन मिनिटं मलाही काय बोलावं सुचलं नाही.

कारण पोरीचं निरीक्षण चुकीचं नव्हतं ना. २००६ ची गोष्ट आठवा. नोएडाच्या निठारीतनं दीड-दोन वर्षं गरिबांची पोरं नाहीशी होत होती, आईबाप चौकीच्या पायऱ्या झिजवत होते, कुणी विचारलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याच नोएडातनं एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या अधिकाऱ्याच्या मुलाला पळवलं, तर सगळे चॅनेल तिथं जाऊन उभे राहिले, आणि तो काही दिवसांत सुखरूप घरी आला. आला ते चांगलंच झालं. निठारीचं नाव मात्र देशाला कळलं ते डिसेंबर संपताना, नाल्यातनं हाडं निघाली तेव्हा. कुठल्या पोरासाठी मेणबत्त्या लागतात आणि कुठल्यासाठी नाही हे पोरांना कुणी शिकवत नाही, त्यांना ते आपल्याकडं बघूनच कळतं.

पोरीला बाहेर सासूबाईंजवळ बसवलं आणि ताईंशी बोलले. त्यांचं सगळं त्या मुलाभोवतीच चाललेलं. "मी दिवसभर टीव्ही लावूनच शिवतो ओ मॅडम. रात्री दोनला उठून पण मोबाइल बघतो, सापडला का म्हणून." (आमच्याकडं बायका पण मी शिवतो, मी येतो असंच बोलतात, बाहेरच्यांना गंमत वाटते.) स्टेटसला त्याचाच फोटो, रोज नवीन. त्याच्या आईचा रडतानाचा व्हिडिओ त्यांनी किती वेळा बघितला ते त्यांनाच माहीत नव्हतं. आणि हे सगळं लेकीच्या समोर. मग अगदी हळू आवाजात, "सासरे गेले तवा पण एवढं रडलो नव्हतो. हे खोटं रडणं आहे का ओ?"

इथं लगेच जुन्या दुःखात शिरायचं, लहानपण उकरायचं, ही आमच्या धंद्यातली खोड आहे. मी शिरले नाही. प्रत्येक रडण्याच्या खाली दुसरं रडणं असतंच असं नाही, कधीकधी एक आई दुसऱ्या आईकडं बघून रडते आणि एवढंच असतं ते. खोटं नाही, आजार पण नाही, असं स्पष्ट सांगितलं. आणि मग मी एक चूक केली. टीव्ही बंद करा, ग्रुपमधनं बाहेर पडा, असं सांगून मोकळी झाले.

पुढच्या आठवड्यात ताई आणखी खराब होऊन आल्या. "बंद केला की असं वाटतंय मी पण त्याला सोडून दिलं."

आता बघा, दुःखाला आपल्याकडं दिवस मोजून दिलेत. तिसरा, दहावा, बारावा, तेरावा. तेराव्याला गोडाधोडाचं करून माणसाला परत कामाला लावतात, लोकांना ते निष्ठुर वाटतं पण त्यात फार शहाणपण आहे. हरवलेल्या माणसाला यातला एकही दिवस लागू पडत नाही. कायदा सात वर्षं खबर नसेल तर माणूस गेला असं धरतो, जुन्या शास्त्रात तर बारा वर्षं वाट बघून मग पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी द्यायचा विधी आहे. म्हणजे जुन्या लोकांना पण हा गुंता माहीत होता. अमेरिकेतल्या पॉलीन बॉस यांनी या प्रकारच्या दुःखावर १९७० च्या दशकापासनं काम केलंय, माणूस गेला म्हणता येत नाही आणि आहे पण म्हणता येत नाही, त्यामुळं शोक सुरूच होत नाही आणि संपत पण नाही. हे दुःख खरं त्या घराचं. पण टीव्ही ते रोज वाटत फिरतो, आणि ज्याला ते मिळतं त्याच्याजवळ ना त्या पोराला शोधायला जायची सोय, ना दहावा घालायची.

ताईंना मी प्रिन्सची आठवण दिली. २००६ चा जुलै, हरियाणात कुरुक्षेत्राजवळ बोअरवेलच्या खड्ड्यात पाच वर्षांचा पोरगा पडला होता, दोन दिवस आख्खा देश टीव्हीपुढं बसून होता. त्या तेव्हा शाळेत होत्या, म्हणाल्या आमच्या गल्लीत बायकांनी नारळ बोलला होता. लष्कराच्या जवानांनी शेजारच्या विहिरीतनं बोगदा काढून त्याला बाहेर आणलं, बायकांनी नारळ फोडले, आणि लोक आपापल्या कामाला लागले. रडायला कडा होती. इथं कडाच नाही, मग तुम्हाला तुमच्यापुरती घालावी लागेल, असं म्हणलं.

आणखी एक सांगितलं, कारण ताई हिशोबी आहेत, नुसत्या समजुतीनं ऐकणाऱ्या नाहीत. २०१३ ला बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी लोकांना प्रश्न विचारले. पुढच्या आठवड्यात ज्यांनी रोज सहा तास किंवा जास्त त्या बातम्या बघितल्या त्यांच्यात ताणाची लक्षणं प्रत्यक्ष जागेवर असलेल्या लोकांपेक्षा जास्त निघाली. ताई म्हणाल्या, "माझे तर बारा तास होतात, शिलाईचं मशीन आणि टीव्ही एकाच खोलीत आहे." मग मशीनच आतल्या खोलीत हलवलं. हसू नका, माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला.

ठरलं ते असं. बातमी संध्याकाळी एकदा, ती पण वाचायची, बघायची नाही. स्टेटस बंद. आणि संध्याकाळी देवापुढं दिवा लावताना त्या मुलाचं नाव घ्यायचं, लेकीला शेजारी घेऊन, तो घरी येऊ दे म्हणायचं, झालं, त्या दिवसाचं संपलं. नाव घेतलंय म्हणजे सोडलेलं नाही. लेकीनं "आई का रडतीस" विचारलं तर काही नाही, डोळ्यात कचरा गेला असलं सांगायचं नाही, पोरांना ते कळतं आणि मग ती त्याहून भयंकर काहीतरी स्वतःच रचतात. त्या मुलाची काळजी वाटते म्हणून रडले, आता पोहे करते, एवढं खरं पुरतं.

तिसऱ्या वेळी ताई एकट्याच आल्या. बराच वेळ पदराशी चाळा करत बसल्या आणि मग बाहेर पडलं. मोर्चानंतर चार दिवसांनी गल्लीत सुया-पोत विकणारी बाई आली होती, झोळीत वर्षाचं पोर. आदल्या रात्री ग्रुपवर कुणाचातरी ऑडिओ आला होता, पोरं पळवणारी टोळी फिरतीय म्हणून, ताईंनी तो तीन ग्रुपवर पुढं टाकला होता. त्यांनीच पहिली हाक मारली, हे पोर कुणाचं गं? बघता बघता पंचवीस माणसं जमली. बाई म्हणतीय माझं आहे, लोक म्हणतायत दाखव पुरावा. आता स्वतःच्या पोराचा पुरावा कुठनं दाखवायचा. पोर घाबरून किंचाळायला लागलं, शेवटी त्या बाईनं तिथंच पायरीवर बसून त्याला अंगावर घेतलं, ते पियाला लागलं आणि माणसं खाली बघत एकेक करून निघून गेली.

"मॅडम, मी त्याच हातानं मेणबत्ती धरली होती ओ."

मी समजूत घातली नाही. थोडक्यात वाचलं, असंच म्हणाले. २०१८ च्या १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला याच अफवेवरनं भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठार मारलं, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली माणसं होती ती, पोटासाठी तिकडं गेलेली. २०२२ ला तर आपल्या शेजारी जत तालुक्यात चार साधूंना मारहाण झाली, पोरं पळवणारे म्हणून. प्रत्येक वेळी मारणाऱ्यांना वाटत होतं आपण लेकरांसाठीच करतोय.

कोल्हापुरात हा संशय थोडा जास्तच खोल आहे, त्याला कारण आहे. पुढच्या वेळी सासूबाई सोबत आल्या आणि त्यांनीच विषय काढला, गावित मायलेकींचा. १९९० ते ९६ मध्ये अंजनाबाई आणि तिच्या दोन मुलींनी गर्दीतनं, बहुतेक गरिबाघरची पोरं उचलली, चोऱ्या करताना ढालीसारखी वापरली आणि त्यातल्या कित्येकांना मारलं. आई खटला संपायच्या आधीच मेली, बहिणींना इथल्याच कोर्टानं २००१ ला फाशी सुनावली, सुप्रीम कोर्टानं २००६ ला कायम केली, आणि दयेच्या अर्जाला झालेल्या उशिरापायी २०२२ ला हायकोर्टानं ती जन्मठेपेवर आणली. सासूबाई म्हणाल्या, "तवापासनं कडेवर पोर घेतलेली अनोळखी बाई दिसली की मी हिच्या नवऱ्याला आत ओढायची." म्हणजे बघा, तीस वर्षांपूर्वीची भीती सासूकडनं सुनेकडं, सुनेकडनं नातीकडं, आणि मधल्या मधी झोळीतलं एक पोर रडून लाल झालं. पण सासूबाईंनी आणखी एक म्हणलं ते मला जास्त लागलं, "त्या पोरांसाठी कुणी मोर्चा काढला नव्हता, आधी कुणाला पत्ताच नव्हता ती हरवल्याचा."

लेकीचं पोटदुखणं तोवर आठवड्यातनं एखाद्या दिवसावर आलं होतं. तिच्याशी मी फोटोवर परत बोलले. म्हणलं, हरवल्यावर पोलीस फोटो बघून ठरवत नाहीत. सुप्रीम कोर्टानं २०१३ ला सांगितलंय, अठराच्या आतलं कुठलंही मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचाच, चोवीस तास थांबा वगैरे काही नाही. म्हणून तर बातम्यांत अपहरणाचे आकडे एवढे मोठे दिसतात, त्यात रागावून घर सोडलेली, परीक्षेला घाबरून गेलेली, कुणाच्या नादानं गेलेली मोठी पोरं-पोरीच जास्त असतात, आणि त्यातली बरीच परत मिळतात. (मिळाल्यावर त्यांचा फोटो तेवढा आपल्या फोनमधनं काढत जा. बाल न्याय कायद्याच्या ७४ कलमात अशा मुलांची ओळख छापायला-दाखवायला बंदी आहे, आणि सापडलेल्या पोरीला पुढं दहा वर्षं "ती हरवलेली ना तू" ऐकायला लागतं.)

मग आम्ही सगळ्यांनी मिळून नवरात्रातली अंबाबाईची गर्दी धरून सराव केला. हात सुटला तर काय? पळायचं नाही, आहे तिथंच थांबायचं, आईचं नाव मोठ्यानं हाका मारून घ्यायचं, नुसतं "आई" म्हणलं तर पन्नास जणी वळून बघतील. वर्दीतला पोलीस, दुकानात गल्ल्यावर बसलेलं माणूस, नाहीतर बरोबर पोरं असलेली बाई, यांना सांगायचं. ११२ (तातडीच्या मदतीचा नंबर) आणि १०९८ (मुलांची हेल्पलाइन) कशासाठी आहेत ते सांगितलं. पोरीला मजा यायला लागली, ती सासूबाईंना दुकानदार करून स्वतः हरवायला लागली.

शेवटी म्हणलं, आता बाबांचा मोबाइल नंबर सांग बघू. तिनं धडाधड दहाच्या दहा आकडे म्हणून दाखवले, अडखळली पण नाही. मी शाबासकी देणार एवढ्यात ताईंनी कपाळाला हात लावला.

"अगं हा जुना नंबर! बाबांनी दिवाळीत सिम बदललंय."

पुढची दहा मिनिटं आम्ही चौघी तो नवा नंबर पाठ करत बसलो. सासूबाईंचा सगळ्यात शेवटी झाला.