मैत्रिणीच्या गारी युनिटमधे पैसे घालू का?

प्रश्न: लंडनमधे माझी नायजेरियन मैत्रीण गावी भावाच्या गारीच्या युनिटमधे पैसे घालतेय, मलाही विचारतेय. घालू का?

उत्तर: ताई, गारी म्हणजे कसावा, आपला साबुदाणा ज्याचा होतो तोच कंद, किसून आंबवून पिळून कढईत भाजलेला. नायजेरियात तो जगात सगळ्यात जास्त पिकतो पण उपटल्यावर दोन-तीन दिवसात खराब व्हायला लागतो, म्हणून मशीनच्या फोटोवर जाऊ नका, शेत किती तासांवर आहे, जनरेटरला महिन्याला डिझेल किती लागतं ते भावालाच व्हिडिओ कॉलवर विचारा. आणि नायरा, म्हणजे तिकडचं चलन! जून २०२३ मधे तो एकदम घसरला, असं झालं की तिकडे धंदा वाढला तरी पौंडात हातात कमीच येऊ शकतं. मैत्रिणीचं घरच तिकडे आहे, तिला नायरा चालतो, तुम्हाला नाही चालणार. घालायचेच तर थोडेच घाला, आणि लिहून घ्या.