ज्युनियरला: कलमाआधी तारीख बघ

गोव्यातल्या वारसाहक्काची फाईल हातात आली की लगेच कलम शोधू नकोस. आधी मृत्यूची तारीख बघ. २०१२ चा गोवा उत्तराधिकार कायदा अमलात आला डिसेंबर २०१६ मध्ये. मृत्यू त्याआधीचा असेल तर १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिताच उघडावी लागते. जुना कायदा रद्द झाला म्हणून मिळालेला हक्क जात नाही. कायदे वाचायचे सर्वसाधारण नियम देणाऱ्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं सहावं कलम हेच सांगतं, ते पाठच कर.

परकीयांचा कायदा आपल्याकडे चालतो कसा, असं अशील विचारणारच. बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा भारताचा केंद्रशासित प्रदेश झाला आणि १९६२ च्या प्रशासन कायद्याच्या पाचव्या कलमाने संसदेनेच जुने कायदे चालू ठेवले. म्हणूनच २०१९ च्या जोसे पावलो कुतिन्हो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही संहिता भारतीय कायदाच मानली. गोवेकराची मुंबईतली मालमत्ताही तिच्याखाली येते, हेही तिथेच ठरलं. निकाल पूर्ण वाच. नुसत्या हेडनोटवर, म्हणजे निकालाच्या वर छापलेल्या सारांशावर, युक्तिवाद करणारे पणजीत कमी नाहीत.

आणि व्याख्यांचं कलम वाचताना ‘संदर्भानुसार अन्य अर्थ आवश्यक नसेल तर’ हे शब्द ओलांडू नकोस; त्यांच्यामुळे व्याख्येतला अर्थ संदर्भानुसार बदलू शकतो. समोरचा वकील नेमका तिथेच पकडतो.