गोड साहेब की आमाइ साहेब?

प्रश्न : ताई, मी जपानीची एन४ लेव्हल करतोय, जॉब चाकणला. परवा नवीन मुलांना आमच्या जपानी साहेबांची ओळख करून देताना मी ऐटीत 'आमाइ हितो देसु' म्हणालो, मला म्हणायचं होतं की स्वभावाने गोड आहेत. साहेब नुसते हसले, पण दुभाषी मॅडमनी कपाळाला हात लावला. आमाइ म्हणजे गोडच ना? मग चुकलं कुठे?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : अरे देवा! गोडच रे, पण ते चहाला, श्रीखंडाला. माणसाला आमाइ म्हटलं की तो लाडावून ठेवणारा, शिस्तीत ढिला. मुलीला कधी ओरडवत नाही असे बाबा असतात ना, ते 'मुसुमे नि आमाइ', आणि तो 'नि' नीट बघ, कुणाच्या बाबतीत ढिला ते त्यातून कळतं. 'जिबुन नि आमाइ' म्हणजे स्वतःलाच सूट देणारा, जो गेली दोन वर्षं उद्यापासून पर्वती चढायला जाणार आहे तो. आणि 'कांगाए गा आमाइ' म्हणजे विचारच कच्चा, पुढचं बघितलेलंच नाही. तर तू नवीन मुलांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलंस की साहेब सैल आहेत, टेन्शन नका घेऊ!

तुला हवा होता 'यासाशी', म्हणजे प्रेमळ, मायाळू. सोपा या अर्थाचा यासाशी पण ऐकायला अगदी हाच, कांजी वेगळी (जपानीत लिहायची चिनी अक्षरं ती, प्यायची नव्हे).

चवीचे शब्द असेच फसवतात. 'शिबुइ' म्हणजे तुरट, कच्चं जपानी पर्सिमॉन खाल्लं की जीभ आवळते ती चव. आपण कुणाला तुरट म्हणून कौतुक करू का? तिकडे करतात, चकचकाट नसलेला, साधा पण मुरलेला माणूस म्हणजे शिबुइ. मला तर 'मुरलेला' हाच त्याला सगळ्यात जवळचा मराठी शब्द वाटतो. पण 'शिबुइ काओ' म्हटलं की कपाळाला आठ्या, नाराज चेहरा, आणि 'काने नि शिबुइ' म्हणजे सरळ चिकट, पैसा न सुटणारा.

'त्सुमेताइ' म्हणजे थंड हे पाठ केलं असशीलच, पण आपला थंड माणूस म्हणजे आग लागली तरी चहा संपवून उठणारा, त्याला ते 'नोंकि' म्हणतील. त्सुमेताइ माणूस तुटक असतो, माया नसलेला.

'ओतोनाशी' पण जपून वापर. त्यात ओतोना म्हणजे मोठं माणूस आहे, म्हणून लहान मुलाला म्हटलं तर गुणी बाळ, पण तिशीतल्या सहकाऱ्याला म्हटलं तर कधी कधी गरीब गाय, तोंड न उघडणारा असा वास येतो. आणि 'तेकितो' पुस्तकात योग्य या अर्थाने भेटतो, माणसाला लावला की कसंतरी उरकणारा.

आता साहेबांची माफी मागत बसू नकोस, विषय उगाच वाढेल. फक्त एक सांग, रिपोर्ट उशिरा दिला तर तुमच्याकडे चालतं का? चालत असेल तर मॅडमनी कपाळाला हात शब्द चुकला म्हणून लावला की नेमका लागला म्हणून, ते त्यांनाच हळूच विचार आणि मला कळव.