ओस्लो करारानंतरही इस्रायल आणि पॅलेस्टाईनमध्ये शांतता का आली नाही?

माझ्या मते करारातच एक मोठी उणीव होती. १३ सप्टेंबर १९९३ रोजी करारावर सह्या होताना व्हाइट हाउसच्या हिरवळीवर इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन आणि पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेचे नेते यासर अराफत यांनी हस्तांदोलन केले, परस्परांना मान्यताही मिळाली. परंतु जेरुसलेम, निर्वासित, व्याप्त भूमीवरील ज्यू वसाहती आणि सीमा हे खरे कळीचे प्रश्न पुढच्या वाटाघाटींवर ढकलण्यात आले आणि त्या मधल्या काळात कराराच्या विरोधकांना तो उधळून लावण्याची संधी मिळाली.

फेब्रुवारी १९९४ मध्ये वेस्ट बँक या इस्रायल-व्याप्त पॅलेस्टिनी प्रदेशातील हेब्रॉनच्या इब्राहिमी मशिदीत एका ज्यू वसाहतवाल्याने नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घातल्या. त्यानंतर कराराला विरोध करणाऱ्या हमास या सशस्त्र पॅलेस्टिनी संघटनेने इस्रायली शहरांत बसगाड्यांवर आत्मघाती हल्ले सुरू केले. ४ नोव्हेंबर १९९५ रोजी तेल अवीवमधील शांतता सभेनंतर एका ज्यू अतिरेक्याने राबिन यांची हत्या केली. त्यांच्या कोटाच्या खिशात सभेत नुकत्याच गायलेल्या शांतिगीताचा कागद रक्ताने माखलेला सापडला; तो कागद आठवला की आजही गलबलून येते.

हिंसेइतकीच घातक गोष्ट, जिची चर्चा कमी होते, ती म्हणजे वसाहतींची वाढ: वाटाघाटी चालू असतानाच वेस्ट बँकेतील वसाहतवाल्यांची संख्या वाढत राहिली, त्यामुळे ज्या जमिनीवर आपले राज्य उभे राहील असे पॅलेस्टिनींना वाटत होते, ती त्यांच्या डोळ्यांदेखत आक्रसत गेली. तरीही १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘पॅरेंट्स सर्कल’ या संघटनेत आप्तांना गमावलेली इस्रायली आणि पॅलेस्टिनी कुटुंबे आजही एकत्र बसतात.