कागद दोन लिटरचे, गाडी सोळा व्हॉल्व्हची

प्रश्न : ऑनलाइन लिलावात 38 लाखांच्या बोलीवर 1986 ची मर्सिडीज-बेंझ 190ई 2.3-16 मला मिळाली. गाडी बंगळुरूला आहे, केए पासिंगची. वर्णनात ‘अस्सल कॉसवर्थ’ लिहिलं होतं आणि ‘तपासणी पूर्ण’ असा शिक्काही होता. 3 लाख 80 हजार अनामत भरली आहे. बोली जिंकल्यावर आरसीची प्रत आली. तिच्यात 1997 सीसी, चेसिस नंबर WDB2010242F पासून सुरू, इंजिन नंबर 102962 पासून सुरू, पहिली नोंदणी 1994 ची आणि मुदत 2024 मध्येच संपलेली. विचारणा केली तर कंपनी म्हणते, ‘आरटीओची टायपिंगची चूक आहे, गाडी जशी आहे तशी विकली आहे.’ उरलेली रक्कम चार दिवसांत भरली नाही तर अनामत जप्त होईल. शेवटच्या दोन मिनिटांत एकाच आयडीवरून तीन बोल्या आल्या, त्याचाही संशय आहे. काय करू?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : उरलेले पैसे आज पाठवू नका. ‘व्यवहार रद्द’ असा मेलही रागाच्या भरात टाकू नका. तुमची बाजू चांगली आहे, पण ती मांडण्याचा क्रम चुकला तर हातची जाईल.

आधी नंबर पाहू, कारण या गाडीत सगळा कायदा त्या नंबरांभोवती फिरतो. 190ई 2.3-16 ही शर्यतीच्या नियमांपायी जन्मलेली गाडी आहे. सिलिंडर हेड इंग्लंडच्या कॉसवर्थचं, चार सिलिंडरला सोळा व्हॉल्व्ह, 2299 सीसी, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरशिवाय 185 अश्वशक्ती. 1983 मध्ये इटलीतल्या नार्डोच्या ट्रॅकवर तिने 50,000 किलोमीटर सरासरी ताशी सुमारे 248 किलोमीटर वेगाने काढले. 1984 मध्ये जर्मनीतल्या नव्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकच्या उद्घाटनाच्या शर्यतीत याच मॉडेलच्या गाडीत फॉर्म्युला वनचा चालक आयर्टन सेना पहिला आला. तुमचे 38 लाख या वंशावळीचे आहेत, मर्सिडीजच्या चांदणीचे नाहीत. साधी 190ई दिसायला तिची सख्खी बहीण, पण किमतीत जमीन-अस्मानाचा फरक.

कारखान्याच्या चेसिस नंबरात WDB नंतरचे सहा आकडे मॉडेल सांगतात. 2.3-16 असेल तर 201034 हवं. 201024 म्हणजे दोन लिटरची साधी 190ई. पुढचा आकडा 2 असेल तर स्टिअरिंग उजवीकडे, 1 असेल तर डावीकडे. इंजिनचंही तसंच. सोळा व्हॉल्व्हच्या 2.3 चा नंबर 102983 ने सुरू होतो, आणि 102962 हे दोन लिटरचं इंजिन. टायपिंगच्या चुकीत एखादा आकडा चुकतो. इथे चेसिस, इंजिन आणि सीसी तिन्ही एकमेकांशी जुळताहेत, आणि तिन्ही मिळून दोन लिटरचीच गाडी दाखवताहेत. असा कारकून आरटीओत बसत नाही.

आता तीन शक्यता उरतात, आणि प्रत्येकीचा कायदा वेगळा आहे.

एक, गाडी साधीच आहे, वरून बॉडी किट आणि मागे ‘2.3-16’ चा बिल्ला. हे सरळ वर्णनाच्या खोटेपणाचं प्रकरण.

दोन, सांगाडा साधा आहे, पण इंजिन खरोखर सोळा व्हॉल्व्हचं, नंतर बसवलेलं. मग आरसीतला तपशील आणि गाडी जुळत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 इथे आड येतं. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. कलम 182अ(4) खाली मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि मालक म्हणजे तेव्हा तुम्ही असाल.

तीन, गाडी अस्सल 2.3-16 आहे आणि कागद दुसऱ्या गाडीचे आहेत. तुम्हाला ही शक्यता सर्वांत गोड वाटेल. मला ती सर्वांत वाईट वाटते. फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यावर) ठोकलेला नंबर 201034 निघाला तर प्रश्न उरतो की ही गाडी देशात आली कशी. तीन वर्षांहून जुनी गाडी साध्या आयातीत बसत नाही, आणि वापरलेल्या गाड्यांना मुंबई बंदराशिवाय वाटही नाही. जुन्या काळी परदेशातून कायमचे परतणारे लोक ‘ट्रान्स्फर ऑफ रेसिडेन्स’च्या सवलतीत गाड्या आणत, ते कायदेशीर होतं. पण तसं असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे सीमाशुल्क खात्याकडचा आयातीचा कागद, असेल आणि त्यावर हाच 201034 चा नंबर असेल. तो नसेल तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम 111 खाली गाडी जप्तीला पात्र ठरते. नंतरच्या प्रामाणिक खरेदीदाराकडून ड्युटी मागता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एका पोर्शच्या प्रकरणात दिला आहे. मात्र तो खरेदीदार अंधारात होता. तुम्हाला विसंगती आज, पैसे भरण्याआधी माहीत आहे. उद्या ‘मला ठाऊक नव्हतं’ असं तुम्ही म्हणू शकणार नाही, तुमचा हा प्रश्नच पुरावा होईल.

म्हणून तपासणी पहिली. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, हा व्यवहार आता तरी थांबवा. माल विक्री कायद्याचं कलम 41 तुम्हाला माल स्वीकारण्यापूर्वी तपासायची वाजवी संधी देतं, ती लेखी मागा. जुन्या मर्सिडीजची जाण असलेला मेकॅनिक सोबत न्या. त्याने तीन ठिकाणचे नंबर जवळून, तिरप्या उजेडात टिपावेत: फायरवॉलवर ठोकलेला, चेसिस प्लेटवरचा आणि इंजिन ब्लॉकवरचा. ठोकलेल्या नंबरावर पेन्सिल प्रिंट घ्या; भोवती घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा असतील तर तिथूनच परत फिरा. मागे दोन वेगळ्या बकेट सीट, मध्ये तेलाच्या तापमानाचं मीटर आणि स्टॉपवॉच, पहिला गिअर डावीकडे खाली, या खुणा बघा जरूर, पण त्या सगळ्या विकत मिळतात आणि लावता येतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर मात्र लगेच नकली म्हणू नका, तो पर्याय कारखान्यातूनच मिळत असे.

त्याच दिवशी बंगळुरूच्या आरटीओतून बी-एक्स्ट्रॅक्ट काढून घ्या. मूळ रजिस्टरचा तो उतारा आहे. 1994 मध्ये नोंद कोणत्या कागदावर झाली, बिल ऑफ एंट्री लावलं होतं का, इंजिन बदलाची नोंद आहे का, हे त्यातच उलगडतं. गाडी हस्तलिखित आरसीच्या काळातली आहे, त्यामुळे आरटीओच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत तिची बॅकलॉग नोंद (जुनी नोंद मागाहून चढवणं) झाली आहे का, हेही विचारा. ती नसेल तर ना हरकतीचं काम तिथेच अडतं.

आता ‘जशी आहे तशी’चं कलम. त्याने दर्जाची जबाबदारी जाते: गंज, इंजिनचा धूर, गळका पंप यांबद्दल तुम्ही बोलू शकणार नाही. पण वर्णनाप्रमाणे माल देणं ही माल विक्री कायद्याच्या कलम 15 खालची अट आहे. ‘2.3-16’ म्हणून विकलेली वस्तू 2.3-16 असलीच पाहिजे, ‘जशी आहे तशी’ म्हटल्याने वस्तू बदलत नाही. शब्द जपून वापरा. तक्रारीत ‘गाडीची अवस्था’ एकदाही लिहू नका, ‘वर्णन’ आणि ‘ओळख’ लिहा.

तुमची कच्ची बाजूही सांगतो. लिलावाच्या पानावरच्या फोटोंत चेसिस प्लेटचा स्पष्ट फोटो होता का, ते आजच बघा. होता, तर समोरचा वकील करार कायद्याच्या कलम 19 चा अपवाद काढेल: साध्या दक्षतेने सत्य कळलं असतं, तर चुकीच्या माहितीवरून करार रद्द करता येत नाही. म्हणूनच मी कलम 15 पुढे ठेवतो, तिथे हा बचाव चालत नाही. आणि म्हणूनच डिलिव्हरीही घेऊ नका. माल एकदा स्वीकारला की माल विक्री कायद्याच्या कलम 13(2) प्रमाणे अट घसरून हमीपुरती उरते, मग गाडी परत करता येत नाही, फक्त नुकसानभरपाई मागता येते.

संशयित बोल्यांबद्दल: विक्रेत्याने आधी जाहीर न करता स्वतः किंवा माणूस घालून बोली लावली असेल, तर त्याच माल विक्री कायद्याच्या कलम 64 प्रमाणे तो लबाडीचा लिलाव ठरू शकतो, आणि किंमत फुगवायला खोटी बोली लावली असेल तर विक्री तुमच्या मर्जीने रद्द होते. नुसत्या संशयावर हे उभं राहत नाही, तेव्हा नोटिशीत बोल्यांची पूर्ण नोंद मागा. त्या लिलावाचं पान आत्ता, हे वाचून होताच, सगळ्या फोटोंसह उतरवून घ्या. पाने रातोरात बदलतात. पुढे न्यायालयात हे दाखवायला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागेल, त्यात फाइलची हॅश किंमत (फाइलमधून गणिताने निघणारा तिचा ओळख-अंक) लिहावी लागते. मूळ फाइल आणि ज्या संगणकावर उतरवली तो, दोन्ही जपा.

नोटीस मुदत संपण्याआधी पोहोचली पाहिजे. विक्रेता आणि कंपनी दोघांनाही मेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवा. मजकूर छोटा ठेवा: वर्णन आणि आरसीतली विसंगती, तीन नंबरांची तपासणी, बी-एक्स्ट्रॅक्ट व बिल ऑफ एंट्रीची मागणी, आणि हे वाक्य नक्की: ‘वर्णनाप्रमाणे गाडी व स्वच्छ मालकी सिद्ध झाल्यास उर्वरित रक्कम भरण्यास मी तयार आहे.’ या वाक्यामुळे कसूर तुमच्याकडे येत नाही. तरी अनामत जप्त केली, तर करार कायद्याचं कलम 74 आहे. कैलाश नाथ विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण (2015) या निकालाप्रमाणे नुकसानच झालं नसेल तर जप्तीलाही आधार राहत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यालाही त्याच दिवशी लिहा. ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो.

एवढं करूनही पैसे अडकले तर बंगळुरूला खेटे घालायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 तुम्हाला राहत्या गावी, म्हणजे नागपूर जिल्हा आयोगापुढे तक्रार करू देतो. करारात ‘फक्त बंगळुरूची न्यायालयं’ किंवा लवाद लिहिलेला असला तरीही. अधिकारक्षेत्र भरलेल्या रकमेवर ठरतं आणि 5 लाखांपर्यंत फी शून्य आहे. कंपनी चंदीगड प्रशासनाच्या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा 2009 चा निकाल पुढे करेल, की लिलावातला खरेदीदार ग्राहक नव्हे. तो निकाल सरकारी भूखंडांच्या लिलावाचा आहे. इथे कंपनीने 5 टक्के प्रीमियम आणि त्यावर 18 टक्के जीएसटी लावून सेवा विकली आणि तपासणीचा शिक्का मारला. मुदत दोन वर्षं. फौजदारी तक्रारीची घाई मात्र करू नका, बी-एक्स्ट्रॅक्ट हाती आल्यावर बघू.

आणि समजा, सगळे नंबर 201034 निघाले, बिल ऑफ एंट्री सापडलं आणि आरसी खरोखरच दुरुस्त होऊ शकते असं ठरलं. तर दुरुस्ती, नूतनीकरण आणि फॉर्म 28 ची ना हरकत ही तिन्ही कामं विक्रेत्याने त्याच्या खर्चाने बंगळुरूलाच करावीत, आणि ती होईपर्यंत पैसे एस्क्रोमध्ये, म्हणजे तिसऱ्याच्या ताब्यातल्या खात्यात. ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांवरच्या आयात चारचाकीच्या नूतनीकरणाची फी 80,000 रुपये आहे, शिवाय मुदत संपल्यापासून दरमहा 500 विलंब शुल्क. व्हिंटेजची ‘व्हीए’ पाटी इथे कामाची नाही. तिला पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं लागतात, आणि ती मिळाली तरी गाडी रोज वापरता येत नाही. नोंदणी संपलेली गाडी चालवत आणू नका, बंद ट्रकमधून विमा काढून आणा. नागपुरात एमएच-31 कडे फॉर्म 29, 30 आणि नव्या नंबरासाठी फॉर्म 27 लागेल. इथला कर आयात गाडीच्या दराने बसेल, तो आकडा आरटीओकडून लेखी घेतल्यावरच 38 लाख महाग की स्वस्त ते ठरवा. रोखीचं कुणी बोललं तर ऐकू नका. 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि असा विक्रेता बिल ऑफ एंट्रीही देणार नाही.